चाळ पाडा, पण गॅलरी कुठे नेणार?

प्रश्न असा आला आहे: "आमची चाळ पुनर्विकासाला गेली. नव्या टॉवरमध्ये आताच्या खोलीपेक्षा कितीतरी मोठं घर मिळणार म्हणून घरचे खूश आहेत. मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात सगळे चाळसंस्कृती गेली म्हणून हळहळतात, घरी आई म्हणते, एकदाची संडासाच्या रांगेतून सुटले. डिझायनर म्हणून तुम्ही घरं, सार्वजनिक जागा आणि लोकांची आवड या सगळ्याकडे कसं बघता? आणि आमच्यासारख्यांनी यात नेमकं काय करायचं?"

आधी आईबद्दल. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पहाटे बादली घेऊन रांगेत उभं राहणं, पाळीच्या दिवसांत अख्ख्या मजल्याच्या नजरा चुकवत टोकापर्यंत जाणं, रात्री मुलाचं पोट बिघडलं की त्याला कडेवर घेऊन अंधारातून चालणं, कोपऱ्यातल्या मोरीला साडी आडवी बांधून आंघोळ उरकणं, नव्या जोडप्याने पोटमाळ्यावर संसार मांडणं. हे ज्यांनी भोगलं त्यांच्यासमोर चाळीचे गोडवे गाऊ नयेत. मी बघितलंय, चाळीसाठी सर्वांत जास्त हळवे होतात ते तिथून लवकर बाहेर पडलेले पुरुष. पाण्याची पिंपं भरणाऱ्या बायका क्वचितच.

चाळ कुणी प्रेमापोटी बांधली नव्हती. गिरण्या वाढल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, त्यांना कमीत कमी जागेत बसवून जास्तीत जास्त भाडं काढायचं हा मालकाचा हिशेब होता. एकेका खोलीत एकाच गावचे कितीतरी पुरुष पाळीपाळीने झोपायचे. एक गिरणीत गेला की दुसऱ्याची वळकटी उलगडायची, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. सरकारने बांधल्या तेव्हाही फार वेगळं काही झालं नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी १९२०च्या दशकातल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीला १२, अशा एकूण २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फूट. मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, संडास आणि नळ सामाईक. सुरुवातीला तिथे राहायला लोक येईनात. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने वरळीच्या रिकाम्या चाळींत सत्याग्रही कैदी ठेवले. फारशी तोडफोड न करता ज्या इमारतीचा तुरुंग करता येतो, तिचा आराखडा करणाऱ्याने राहणाऱ्या माणसाचा किती विचार केला होता, हे वेगळं सांगायला नको.

आता तिथे ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. शंभर वर्षं १६० फुटांत काढल्यावर स्वतःचा संडास, स्वतःचं स्वयंपाकघर, दाराला आतून कडी. याचा मला मनापासून आनंद आहे, आणि कुठल्याही डिझायनरला तो व्हायलाच हवा.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? आपण घराचं माप फक्त दाराच्या आत घेतो, याबद्दल. चाळीतली खोली वाईट होती. खोलीच्या बाहेरची जागा मात्र फार चांगली होती, आणि खोली सुधारताना आपण बाहेरची जागा टाकून दिली. या दोन गोष्टी एकत्रच जायला हव्या होत्या असं अजिबात नाही.

गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीची गॅलरी बघायला जा, पण मोजपट्टी घेऊन. साधारण चार फूट रुंदी. आतल्या अंगाला दारं-खिडक्या, बाहेरच्या अंगाला लाकडी किंवा बिडाचा कठडा, कोपर टेकवून उभं राहता येईल एवढ्या उंचीचा. वर छपराची पडवी पुढे आलेली, त्यामुळे पावसाची झड खोलीत येत नाही आणि दुपारचं ऊन भिंतीवर पडत नाही. खोलीचं दार दिवसभर उघडं, त्यावर पडदा. पडदा सोडलेला असला की आत कुणी झोपलंय किंवा पाहुणे आलेत, बाजूला सारलेला असला की खुशाल या. कठड्याच्या वर कपड्यांच्या दोऱ्या. सकाळी तिथेच दात घासायचे, दुपारी तांदूळ निवडायचे, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, रात्री उकडलं की चटई. म्हातारं माणूस स्टूल टाकून बसलं की मजल्यावर कोण आलं, कोण गेलं यावर आपोआप नजर. चार फुटांच्या एका पट्टीने रस्ता, पडवी, माजघर आणि राखणदार अशी चार कामं केली. डिझाइनच्या शाळेत आम्ही ज्याला उत्तम आराखडा म्हणतो तो हाच, कमी जागेत जास्त कामं आणि एक काम दुसऱ्याच्या आड न येता.

बीडीडीला अशी गॅलरी नव्हती, तिथला पॅसेज अंधाराच. तिथल्या लोकांनी तीच कामं खाली, इमारतींच्या मधल्या जागेत आणि वरळीच्या जांबोरी मैदानासारख्या मोकळ्या जागांत नेली. म्हणजे गरज पक्की होती, आराखड्यात तिला जागा नव्हती, लोकांनी ती शोधून काढली.

नव्या टॉवरचा पॅसेज आठवून बघा. दोन्हीकडे बंद दारं, दिवसाही ट्यूबलाइट, टोकाला आगीच्या नळाचं लाल दार, आणि चपलांचं कपाट बाहेर ठेवलं तर सोसायटीची नोटीस. तिथे कुणी थांबत नाही, कारण थांबावं असं तिथे काहीच नाही. ना उजेड, ना वारा, ना बघायला काही. हे कुणाच्या दुष्टपणामुळे झालेलं नाही. ते हिशेबातून झालं आहे, आणि तो हिशेब तुम्हाला याच वयात समजला पाहिजे.

मुंबईत जागेचा सगळा खेळ एफएसआयचा, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल त्या प्रमाणाचा. किती बांधायचं याची मर्यादा असते, त्यामुळे विकता येईल असा प्रत्येक फूट दाराच्या आत ओढायचा याकडे बिल्डरचा कल राहणार. एकेकाळी बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे अशा काही जागा एफएसआयबाहेर धरत. मग बिल्डरांनी कट्ट्यांचा बेडरूमला जोडायला वापर सुरू केला, कागदावर बाल्कनी आणि प्रत्यक्षात खोली असा प्रकार बोकाळला. तो थांबवायला २०१२ मध्ये नियम बदलले. या जागा एफएसआयमध्ये मोजायला लागले आणि बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के ‘फंजिबल’, म्हणजे हव्या त्या कामाला वापरता येईल असा जादा, एफएसआय मिळाला. गैरवापर थांबवण्याचा हेतू योग्य होता. परिणाम असा झाला, की बाल्कनीचा फूट आणि बेडरूमचा फूट एकाच भावाचे झाले, आणि एकाच भावात मिळत असेल तर कुठलंही कुटुंब बेडरूमच मागणार. सामाईक जागेचं तर विचारूच नका, तिला मागणारं गिऱ्हाईकच नसतं. गॅलरी संस्कृतीमुळे गेली नाही, कोष्टकामुळे गेली.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत हा हिशेब माणसांच्या छातीपर्यंत पोचला. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडच्या इमारती इतक्या जवळजवळ आहेत, की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. २०१८ च्या सुमारास डॉक्टरांनी आणि आयआयटीतल्या अभ्यासकांनी मिळून इथे पाहणी केली. त्याच भागातल्या, इमारतींत अंतर राखलेल्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा या दोन ठिकाणी क्षयाचे रुग्ण खूप जास्त आढळले, आणि उजेड-वाऱ्याच्या अभावाशी त्याचा संबंध दिसला. दोन इमारतींमधलं अंतर ही सजावटीची बाब आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यापुढे मी ही पाहणी ठेवते. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या माणसाला आपण क्षय देत असू, तर त्या घराला पुनर्वसन म्हणताना जीभ अडखळली पाहिजे.

हे सगळं टाळता येतं, आणि आपल्याच लोकांनी ते करून दाखवलं आहे. पुण्यात एकत्र कुटुंबात वाढलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरला ‘अरण्य’ वसाहत आखली. गरिबातल्या गरीब कुटुंबाला भूखंड आणि संडास-मोरीचा पक्का गाभा दिला, बाकीचं घर जमेल तसं त्यांनी बांधायचं. पण दारापुढचा ओटा, बाहेरून जाणारा जिना, छोटा सज्जा, या गोष्टींचा नमुना त्यांनी मुद्दाम घालून दिला. त्या कामाला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

दुसरं उदाहरण तर लोकलने जाऊन बघण्यासारखं आहे. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात केलेलं. सात घरांच्या मध्ये साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचा चौक. असे तीन चौक मिळून एक मोठी मोकळी जागा, त्याहून पुढे आणखी मोठी. प्रत्येक घराला स्वतःचं छोटं अंगण. कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे शेजाऱ्याशी वाद न घालता ज्याला जेव्हा जमेल तेव्हा घर वाढवता येतं. आज गेलात तर कोरियांची कौलारू घरं फार थोडी दिसतील. लोकांनी ती पाडून स्लॅबची, टाइल्स लावलेली, ग्रॅनाइटच्या पायऱ्यांची घरं बांधली. आर्किटेक्ट मंडळी ते बघून हळहळतात. मला तिथे नेमकं उलट वाटतं. घरं बदलली, चौक टिकले. त्या चौकांत आजही स्कूटर लागतात, पोरं खेळतात, मांडव पडतो. डिझायनरने आखलेलं काय टिकतं आणि काय लोकांच्या स्वाधीन करायचं असतं, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. भिंतीचा रंग, दाराचं नक्षीकाम, ग्रिलची फुलं हे लोकांचं. दोन घरांमधली मोकळी जागा किती, कुठे आणि कुणाच्या नजरेखाली, हे आपलं.

इथेच तुमच्या प्रश्नातला लोकांच्या आवडीचा मुद्दा येतो. या शहराची लोकप्रिय संस्कृती कुठे तयार झाली ते बघा. मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सुरू झाला. चाळीत गणपती बसला की भोवतालच्या गॅलऱ्या म्हणजे आपोआप प्रेक्षागृह. तिकीट नाही, हॉलचं भाडं नाही, आणि स्वयंपाकघरातली बाईसुद्धा कठड्याशी येऊन नाटकाचा अंक बघू शकते. गिरणगावात शाहिरांचे पोवाडे, भजनी मंडळं, कामगारांची नाटकं, वगनाट्यं याच मैदानांत आणि चौकांत वाढली. किती नट, गायक, वादक पहिल्यांदा आपल्याच चाळीच्या गणपतीसमोर उभे राहिले! त्यांच्या कलेचं कौतुक आपण करतो, पण पहिला प्रयोग जिथे झाला ती जागा नव्या नकाशात पोडियम पार्किंग, म्हणजे टॉवरच्या पायथ्याचे गाड्यांचे मजले, झालेली असते. वर लँडस्केप केलेली हिरवळ, आणि तिच्यावर पाटी: चालू नये.

आजची लोकप्रिय संस्कृती वेगळीकडून येते आणि तीही घर घडवते. टीव्हीवरच्या मालिकेतलं घर जरा डिझायनरच्या डोळ्यांनी बघा. प्रचंड दिवाणखाना, मधोमध जिना, सोफा नेहमी कॅमेऱ्याकडे तोंड करून, कारण चौथी भिंत तिथे नसतेच. स्वयंपाकघर असतं ते संवादापुरतं. कपडे वाळत घातलेले नाहीत, वॉशिंग मशीन नाही, गॅसचा सिलिंडर नाही, केरसुणी नाही. हे घर रोज रात्री बघून मग माणूस ३०० किंवा ५०० चौरस फुटांच्या घरात पीओपीचं सीलिंग, एल आकाराचा सोफा आणि भिंतभर टीव्ही युनिट करून घेतो. सीलिंगने उंची खाल्ली, सोफ्याने वाट खाल्ली, आणि कपडे मग बेडरूमच्या खिडकीच्या ग्रिलला. मी अशा घरांत काम करते तेव्हा लोकांच्या आवडीला नावं ठेवत नाही. ज्यांनी आयुष्यभर मोरीत आंघोळ केली त्यांना झगमगाट हवासा वाटणं साहजिक आहे. मी एवढंच विचारते, की कपडे कुठे वाळणार, गाद्या दिवसा कुठे जाणार, गावाहून चार माणसं आली तर कुठे झोपणार. या तीन प्रश्नांवर कुटुंब बोलायला लागलं की अर्धा सोफा आपोआप कमी होतो.

आणि लोकांना दृष्टी नसते हे तर साफ खोटं. जिन्याच्या कोपऱ्यात पान थुंकू नये म्हणून देवादिकांच्या, सगळ्या धर्मांच्या चित्रांच्या टाइल्स बसवायची कल्पना कुठल्या डिझाइन संस्थेतून आलेली नाही. ती स्वस्त आहे, वाचता न येणाऱ्यालाही कळते, आणि ‘थुंकू नका’च्या पाटीपेक्षा जास्त चालते. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी केलेली शीर्षकं घ्या. नाटक विनोदी आहे की गंभीर, हे अक्षराच्या वळणावरून कळायचं, आणि हजारो घरांत ते रोज जायचं. लोकप्रिय आणि उत्तम या दोन गोष्टी तेव्हा एकाच चौकटीत मावत होत्या. आज चौकातल्या फ्लेक्सवर ताणून-दाबून बसवलेली अक्षरं बघून वाईट वाटतं, पण तो गिऱ्हाइकाचा दोष नाही. ‘मुक्ता’सारखा चांगला देवनागरी फाँट फुकट मिळतो. छापणाऱ्या पोराला तो कुणी दाखवलेला नसतो, एवढंच. ते काम तुम्ही तुमच्या नाक्यावर एका दुपारी करू शकता.

सार्वजनिक डिझाइन म्हणजे माझ्या लेखी घराचाच उरलेला भाग. घर जितकं लहान, तितका हा भाग मोठा. जुन्या मुंबईतल्या प्याऊ, म्हणजे पाणपोया, बघितल्यात? भात बाजारात केशवजी नाईकांच्याच नावाची, १८७६ ची, घड्याळ असलेली प्याऊ आहे. शहरभर अशा कितीतरी बांधल्या गेल्या. त्यांतल्या अनेकींची रचना अशी, की माणसांसाठी वर नळ, बैला-घोड्यांसाठी खाली हौद, आणि पक्ष्यांसाठी माथ्यावर खळगा. पाणी एकच, ते प्रत्येकाच्या उंचीला मिळतं. देणगीदाराचं नाव असतं, पण ते नळाच्या आड येत नाही. मग आताचा बसथांबा बघा. बस ज्या बाजूने येते नेमकी त्याच बाजूला जाहिरातीची उजळलेली पाटी, त्यामुळे थांब्यातल्या माणसाला बस दिसत नाही आणि सगळे रस्त्यावर उतरून उभे. बसायला गुळगुळीत नळी, तीही उतरती, कुणी झोपू नये म्हणून. सहा महिन्यांची गरोदर बाई त्या नळीवर कशी बसणार याचा विचार झालेलाच नाही. जाहिरातीच्या पैशातून थांबे उभारावेत, जरूर. पाटी दुसऱ्या बाजूला लावली तरी पैसे तेवढेच येतात.

स्कायवॉकचं तेच. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला कलानगरच्या दिशेने पहिला झाला, मग ठिकठिकाणी उभे राहिले. स्टेशनवरून थकून उतरलेल्या माणसाला पुन्हा चढायला लावायचं, कारण खालचा फुटपाथ मोकळा करणं अवघड. बेस्टच्या जुन्या बसवर मात्र समोर आकडा देवनागरीत आणि बाजूला इंग्रजीत असायचा. लांबून येणारी बस एकाने वाचावी, दारापाशी आलेली दुसऱ्याने. ज्या कुणी हे ठरवलं त्याने रांगेत उभं राहणाऱ्या दोन्ही प्रकारच्या माणसांचा विचार केला होता. मला असं काम आवडतं.

आता तुमच्या चाळीबद्दल, कामाचं बोलू. तुमच्या घरच्यांच्या हातात सध्या बहुधा फक्त फ्लॅटचा प्लॅन असेल. कमिटीकडून संपूर्ण मजल्याचा नकाशा आणि इमारतीचा उभा छेद मागून घ्या. तुम्हाला तो वाचता येतो, शेजाऱ्यांना येत नाही, म्हणून ही जबाबदारी तुमची. पॅसेजच्या एका तरी टोकाला खिडकी आहे का बघा. दोन टोकांना मिळाली तर वारा फिरेल. लिफ्टसमोर चार माणसं उभी राहून बोलतील एवढी जागा आणि भिंतीला लागून एक कट्टा मागा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का विचारा. आजारी माणूस आणि मयत, दोन्ही त्यातूनच न्यायचे आहेत, आणि हे विचारायला सभेत सगळे लाजतात. शेजारच्या इमारतीपासून अंतर किती, विशेषतः खालच्या मजल्यांच्या खिडक्यांसमोर. पुनर्वसनाची आणि विक्रीची इमारत वेगळी असेल तर मोकळी जागा कुणाच्या वाट्याला. कपडे वाळवायची सोय दर्शनी भिंतीवर नको असेल, तर ती कुठे. वॉचमन आणि घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी तळमजल्यावर संडास आहे का. ज्यांनी सामाईक संडासाची रांग भोगली त्यांच्याच इमारतीत हे राहून जातं, हे मला फार लागतं.

गणपतीचा मांडव कुठे पडणार हेही नकाशावर खूण करून घ्या, नुसतं तोंडी नको. सात-आठशे चौरस फुटांची छप्पर असलेली मोकळी जागा, तिच्याकडे बघणारे पहिल्या दोन-तीन मजल्यांचे पॅसेज, आणि वीज-पाण्याचं एक कनेक्शन. एवढं असेल तर तिथे क्लासही भरतील, लग्नाची हळदही होईल आणि म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डावही जमेल. बिल्डर म्हणेल, मेंटेनन्स वाढेल. वाढेल थोडा, आणि तो किती ते आकड्यात लिहून मागा. बहुतेकदा आकडा बघितल्यावर सभासद स्वतःच हो म्हणतात.

आईला मात्र या सगळ्यात पुढे बसवा. संडासाच्या रांगेतून सुटण्याचा हक्क आणि गॅलरीत बसायची सवय या दोन्ही गोष्टी त्यांच्याकडेच आहेत, आणि शेजारणी त्यांचं ऐकतील. सगळं नकाशे महापालिकेत जाण्याआधी करा. एकदा मंजुरी मिळून पायाचं काम सुरू झालं, की पॅसेज एका इंचानेही रुंद होत नाही.